विहीणबाईंची साडी आणि दहा सेकंद

मंदाबाईंनी नवऱ्याला गच्चीवर पाठवलं ते साडी राखायला. संसाराच्या सव्वीस वर्षांत बळीरामला याहून सोपं काम कधी मिळालं नव्हतं. साडी दोरीवर होती, तिला दोन चिमटे लावलेले होते, मे महिन्याच्या दुपारी वारा पार पडलेला होता. त्याने फक्त खुर्चीवर बसून तिच्याकडे बघायचं होतं.

"कबुतरं बसतात मेली," मंदाबाई म्हणाल्या. "विहीणबाईंची साडी आहे, ध्यान ठेवा. अन् त्या विमानले हात लावा ते मी माहेरले चालनू, सांगी ठेवस!"

शेवटचं वाक्य अहिराणीत आलं, म्हणजे ते मनापासून होतं. एरवी सकाळपासून सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या घरात सगळे शाळेतल्या मराठीत बोलत होते. लेक हर्षदाच्या साखरपुड्याची तारीख धरायला अमळनेरहून मुलाचे आईवडील, मालतीबाई आणि धुडकूअण्णा, आले होते, आणि दोन्हीकडची मंडळी आपण किती सुधारलेलो आहोत ते एकमेकांना दाखवत होती. जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. हर्षदा वाढायला वाकली, पळी कलंडली आणि भाजीवरचा लाल तवंग मालतीबाईंच्या मोरपंखी साडीवर सांडला.

"असू द्या, असू द्या," मालतीबाई हसत म्हणाल्या. पण दोनच घासांनंतर त्यांनी सांगून टाकलं, "भावानं भाऊबीजेला घेतलेली आहे. त्याचा फार जीव माझ्यावर." मंदाबाईंच्या घशात बट्टी अडकली. त्यांनी विहीणबाईंना स्वतःची साडी नेसवली, ती मोरपंखी तिथल्या तिथे धुतली आणि वर वाळत घातली. मग पाहुणे आडवे झाले आणि बळीराम गच्चीवर गेला.

आता गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ते विमान होतं. फोमच्या शीटचं, दोन हात लांब पंखांचं, रिमोटवर उडणारं. बळीरामने ते स्वतः कापून, चिकटवून बनवलं होतं. लूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात, तो जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की धावत जाऊन तो चालू करणारा माणूस. पन्नाशी उलटल्यावर त्याला हा नाद लागला. दर रविवारी डिंडोलीच्या पलीकडे मोकळ्या जागेत विमानं उडवणारे जमत, त्यांचे गुरू होते कतारगामचे भूपेंद्रभाई. हिऱ्याला पैलू पाडून पाडून त्यांच्या हाताला जी सवय झाली होती, तीच विमानाला लागू पडत होती.

भूपेंद्रभाई शिकवत होते हॅरियर नावाचा प्रकार. विमानाने नाक वर करायचं, शेपूट खाली सोडायची आणि पडू की नको अशा बेताने अगदी हळू पुढे सरकायचं. "जोरमां तो बधा उडाडे, बळीरामभाई," ते म्हणत. "धीमे उडाडवानुं, एमां खरी कारीगरी!" दहा सेकंद जो असं विमान धरेल त्याला ते आपलं मोठं विमान हातात देणार होते. नवागामचा गोपाल, तोही जॉबरच, आठ सेकंदांपर्यंत पोचला होता आणि ते दर रविवारी सांगत होता. बळीरामचं विमान तिसऱ्या सेकंदाला डुलायला लागे आणि पाचव्याला नाक खुपसून जमिनीवर येई. एकदा ते शेजारच्या पापडाच्या पिठात उतरलं होतं. तेव्हापासून सोयरीक जुळेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, अशी घरची बंदी होती.

बळीरामने दहा मिनिटं साडी राखली. कबूतर आलं नाही. मग त्याने स्वतःला समजावलं, की आपण नुसती बॅटरी तपासू. बॅटरी चांगली निघाली, तर त्यात त्याचा काय दोष?

शिवाय या वेळी धोका नव्हता. त्याने एक युक्ती काढली होती. खात्यातून आणलेला पॉलिस्टरचा धागा चार पदरी करून, पीळ देऊन त्याने विमानाच्या शेपटीला बांधला आणि दुसरं टोक गच्चीच्या पाइपाला. पतंगासारखं. विमान वीस फुटांच्या पलीकडे जाणारच नाही. रिमोट गळ्यात अडकवून त्याने विमान सोडलं आणि हळूहळू नाक वर घेतलं. एक, दोन, तीन. डुललं. त्याने सावरलं. चार, पाच. आणि धागा कठड्याच्या धारेवर घासून तुटला.

आता पुढे जे झालं ते बळीरामने केलं असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. ते त्याच्या बोटांनी केलं. तुटलेला धागा दिसला की टोक पकडायचं, शेजारचं टोक शोधायचं, गाठ मारायची, दोन सेकंदांत माग पुन्हा चालू. अठ्ठावीस वर्षं दिवसाला शंभर वेळा हेच केलेल्या माणसाची बोटं मालकाला विचारत बसत नाहीत. विमानाकडचं टोक डोळ्यांसमोरून सरकत होतं ते त्याने पकडलं, हाताशी जे दुसरं टोक लोंबत होतं त्याला जोडलं आणि करकचून गाठ मारली. गाठ झकास बसली. मग त्याने पाहिलं, की दुसरं टोक म्हणजे मालतीबाईंच्या पदराचा गोंडा होता.

टक्, टक् असे दोन चिमटे उडाले.

मोरपंखी साडी दोरीवरून उठली आणि विमानामागोमाग निघाली. बळीरामने घाबरून विमान वळवलं, ते वळून त्याच्याकडे तोंड करून आलं. पण विमानाचं तोंड आपल्याकडे असलं की उजवं-डावं उलटं होतं. बळीरामने डावीकडे घ्यायचं ते उजवीकडे घेतलं आणि साडी शेजारच्या सोसायटीवरून पलीकडे गेली.

आणि मग एक गोष्ट झाली. शेपटीला साडीचं वजन लागल्यामुळे विमानाचं डुलणंच थांबलं. नाक वर, शेपूट खाली, मागे सहा वार साडी पसरलेली, आणि विमान इतकं हळू, इतकं स्थिर चाललं, की बळीराम बघतच राहिला. दहा सेकंद झाले. वीस झाले. साठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हॅरियर जमलं होतं. त्या सव्वा मिनिटात त्याला विहीण आठवली नाही, बायको आठवली नाही, ज्या पोरीचं लग्न ठरत होतं ती पोरगीही आठवली नाही. नंतर या गोष्टीचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बॅटरी संपत आली. विमान मोठ्या रस्त्यावर खाली आलं आणि साड्यांच्या गासड्या भरून मार्केटकडे चाललेल्या एका उघड्या टेम्पोवर अलगद टेकलं. साडी वरून पसरली. टेम्पो वळला आणि गेला. सुरतेत साड्यांच्या टेम्पोवर गेलेली साडी शोधणं म्हणजे काय, हे बळीरामला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने रिमोट टाकीमागे लपवला, जिना उतरला आणि म्हणाला, "साडी वाऱ्यानं उडाली."

"कोणत्या वाऱ्यानं?" मंदाबाईंनी विचारलं.

सगळे गच्चीवर गेले. पान हलत नव्हतं. दोन चिमटे जमिनीवर पडलेले होते. मालतीबाई कठड्यावरून चारी बाजूंना बघून आल्या, आणि त्यांची शाळेतली मराठी संपली.

"मना भाऊनी दियेल साडी शे ती!" त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पदर मंदाबाईंचा होता, त्यामुळे मंदाबाईंना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बळीराम स्कूटर घेऊन तासभर फिरला. त्याने तीन टेम्पो थांबवले, एका ड्रायव्हरने त्याला पोलीस समजून हात जोडले. तो हात हलवत परत आला तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. धुडकूअण्णांनी खाकरून विषय काढला.

"बळीरामभाऊ, राग नका मानू. पण तारीख धराले येवो अन् बाईमाणूसनी साडी अशी बिनवाऱ्यानी गायब व्हई जावो, हाई लक्षण चांगलं नही शे. आपण दिवाळीनंतर बघू."

हर्षदाने वडिलांकडे पाहिलं. तिच्या हातून तेल सांडलं, तिथून हे सगळं सुरू झालं असं ती धरून चालली होती, आणि दोष आपल्याकडे घेऊन मान खाली घालून बसली होती. बळीरामने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. लक्षण नाही, अपशकुन नाही, मीच. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं. मग त्याला पापडाचं पीठ आठवलं, माहेरी जाणारी बायको दिसली, आणि त्याने ते गिळलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं असताना बाप आपली कातडी वाचवत बसला होता, आणि हे त्याला स्पष्ट कळत होतं. पाहुण्यांनी पिशव्या आवरायला घेतल्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मागांच्या खडखडाटाने बळीरामचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर असे.

"बळीरामभाई!" भूपेंद्रभाईंचा आवाज घरभर घुमला. "ग्रुपमां विडियो जोयो के नै? तमारा डिंडोलीनो ज छे! शुं हॅरियर छे, भाई! पंदर वरसथी उडाडुं छुं, आवुं जोयुं नथी!"

तोच व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता, हर्षदाने तो तिच्या मोबाइलवर उघडला. निळ्या आभाळात नाक वर करून एक विमान चाललं होतं, आणि मागे मोरपंखी साडी.

"माझी साडी!" मालतीबाई ओरडल्या.

"कोणाचं आहे हे विमान?" धुडकूअण्णांनी विचारलं. मंदाबाईंनी विचारलं नाही. त्या फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"ते मी कसं सांगू..." बळीराम पुटपुटला. अजूनही वेळ होती. फोन बंद करता आला असता.

"अरे, गोपाल कहे छे एनुं छे!" फोन म्हणाला. "नवागामवाळो गोपाल! कहे छे, पूंछडीमां साडी बांधवानी आयडिया पण एनी! काले बधा एने हार पहेरावशुं!"

"गोपालनं?" बळीराम ताडकन उभा राहिला. "गोपालनं कशाचं! त्याच्या बापाला जमलं नाही असं! ते विमान माझं आहे! मी उडवलं, आपल्या गच्चीवरून, सव्वा मिनिट धरलं! साडी मी बांधली! या हातांनी गाठ मारली!"

"साडी कोनी छे, बळीरामभाई?" भूपेंद्रभाईंनी हळूच विचारलं.

"विहीणबाईंची," बळीराम म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो मटकन खाली बसला.

मंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. पहिल्यांदा हसले ते धुडकूअण्णा. "म्हणजे अपशकुन नही! व्याह्यांनीच उडवली!" त्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. मालतीबाई मात्र बळीरामकडे एकटक बघत होत्या. तो जमिनीत शिरायला जागा शोधत होता.

"देखं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोणी पाहिलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं. आळ आपणहून त्या परक्या गोपालवर चालला होता. गुपचूप जाऊ द्यायचा की नाही? पण यांनी नाही जाऊ दिला. आपल्या पोरीच्या लग्नाचं मोडतंय की राहतंय, तेही नाही बघितलं. असं माणूस आजकाल कोठे भेटस?"

बळीरामने मान खाली घातली. सगळ्यांना तो नम्रपणा वाटला.

मंदाबाईंच्या साडीचा पदर मालतीबाई बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिल्या. "तुम्ही इतकं खरं बोललात," त्या शेवटी म्हणाल्या, "मग मी खोटं घेऊन जाऊ का? ती साडी भाऊनी दियेल नव्हती. भाऊ चार वरीस व्हयनात, मनासंगे बोलत नही. भाऊबीजले सगळ्या बाया साड्या दाखवतात, म्हणून मीच बाजारातून आणली अन् त्याचं नाव सांगत फिरले." त्यांनी पदर सोडला. "गई ते बरं व्हयनं. आता सांगावं लागणार नाही."

हर्षदा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. धुडकूअण्णांनी स्वतःच पंचांग मागितलं आणि बोट ठेवून ज्येष्ठातली तारीख काढली. बळीरामला ते काहीच ऐकू येत नव्हतं. त्या बाईने चार वर्षांचं दुखणं उघडं केलं, ते याच्या खरेपणाकडे बघून, आणि याने तोंड उघडलं होतं ते गोपालच्या गळ्यात हार पडू नये म्हणून. त्याला राहवेना.

"विहीणबाई," तो म्हणाला, "खरं सांगू का, मी ते बोललो ना, ते काही..."

चहाचा कप त्याच्या तोंडासमोर आला. कपामागे मंदाबाई होत्या. सव्वीस वर्षांत त्यांना नवऱ्याच्या पोटातलं ओळखायला व्हिडिओ लागला नव्हता.

"आते बस करा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "एकच दिनमा इतलं खरं पचाव नही. चहा ल्या."

बळीरामने चहा घेतला.