अर्जदार पत्त्यावर आढळली नाही

लग्नात बायकोचं नाव बदलायचं ठरलं, तेव्हा पुढे त्यापायी पोलीस चौकशी होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

बायको मूळची बल्गेरियाची, स्टॅनिमिरा पेत्रोवा. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीन बसवायला इंजिनियर म्हणून आलेली. मी तिथे स्टोअर्समध्ये क्लार्क. (तिने माझ्यात काय पाहिलं, हे माझ्या आईलाही अजून कळलेलं नाही.) लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली. 'स्टॅनिमिरा' आईला म्हणता येईना आणि मला लिहिता येईना, म्हणून 'कल्पिता' लिहून मोकळा झालो. तिलाही ते आवडलं, आणि मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत ती त्याच नावाने रुळली.

सात वर्षं झाली तसा तिने नागरिकत्वासाठी अर्ज केला. सारखा व्हिसा वाढवून मागायचा तिला वीट आला होता.

"माझ्याच घरात राहायला मी किती वेळा परवानगी मागू रे?" ती विचारायची. मी चहा टाकायला उठायचो.

अर्ज अर्थातच पासपोर्टवरच्या नावाने. चौकशीला हवालदार आला तेव्हा आम्ही दोघं कामावर, घराला कुलूप. त्याने मला फोनही केला म्हणे. (अनोळखी नंबर मी उचलत नाही. क्रेडिट कार्ड विकणारेच असतात.) मग त्याने तळमजल्यावरच्या हौसाबाईंना विचारलं, स्टॅनिमिरा पेत्रोवा नावाची परदेशी बाई इथे राहते का? हौसाबाई इथल्या मूळच्या. बिल्डिंग उभी आहे तीच त्यांच्या भातशेतीवर. त्यांनी ठणकावून सांगितलं, "असली कोन फॉरेनची बाय नाय आमचे बिल्डिंगीन. सगली आपलीच मानसं."

ठाण्याच्या ऑफिसात आम्हाला अहवाल वाचून दाखवला: अर्जदार पत्त्यावर आढळली नाही. फेरचौकशीत असंच झालं तर अर्ज बाद. मला फार वाईट वाटलं. घरी पोचताच कल्पिता तडक हौसाबाईंच्या दारात गेली. आता भांडण होणार म्हणून मी जिन्यातच थांबलो.

सगळं ऐकून हौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तुला परकी कशी सांगू गो मी?"

मग दोघी गळ्यात पडून रडल्या. मी जिन्यात उभा राहून वीजमीटर बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सूत्रं मी हातात घेतली. वॉचमनपासून गच्चीखालच्या त्र्यंबककाकांपर्यंत सगळ्यांकडून 'स्टॅनिमिरा पेत्रोवा' घोकून घेतलं. (सगळ्यात जास्त चुका माझ्या होत्या.) हवालदार पुन्हा आला, तेव्हा गेटपाशी जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं. कल्पिता पुढे झाली, पासपोर्ट दाखवला. त्याने 'आढळली' असं लिहिलं, तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की माझाही ऊर भरून आला.

"आता यांचे मिस्टर, साईनाथ परब. तेही इथेच राहतात ना?"

वॉचमनने त्र्यंबककाकांकडे पाहिलं, काकांनी हौसाबाईंकडे.

"असा कोन नाय बा," हौसाबाई म्हणाल्या. "कल्पिताचा नवरा हाय एक, पन त्याचं नाव कोनाला ठावं?"

मी घाईघाईने पुढे होऊन आधार कार्ड दिलं. त्यावरच्या फोटोत मी मलाही ओळखू येत नाही. हवालदाराने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि शेवटी बल्गेरियाच्या नागरिकाकडे वळला.

"मॅडम, तुम्ही यांना ओळखता का?"

कल्पिता बराच वेळ विचार करत राहिली.