एकवीस कपडे आणि बाकीचे शफी मास्तरांकडं

कपाट हे भरण्यासाठी नसून बंद होण्यासाठी असतं, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. आमच्या समाधान सोसायटीला (क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटं, रिक्षानं पंचवीस) ते गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी सव्वानऊला कळलं. त्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब मोजे काढायला कपाटाकडं गेले आणि वीस मिनिटांनी सापडले. मोजे सापडले नाहीत. वरच्या फळीवरून कोसळलेल्या कपड्यांखाली पडून आप्पासाहेबांनी जे चिंतन केलं, त्यातून 'नैतिक किमान कपाट समिती' जन्माला आली. त्यांना बाहेर ओढताना त्यांच्या पत्नी आवडाबाईंनी जे उद्गार काढले, ते इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एका सुती शर्टामागं सत्तावीसशे लिटर पाणी जातं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. आमच्या नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी येतं, तेही पाऊण तास. या मापानं पाहता आप्पासाहेब दोन-अडीच महिन्यांचं पाणी अंगात घालून भाजी आणायला जात होते. माणसाला लाज वाटायला याहून कमी कारण पुरतं.

समितीचे नियम पुढीलप्रमाणे ठरले. (मी चिटणीस. वयानं सर्वांत लहान आणि मराठी टाइप येतं, अशी दुहेरी पात्रता.)

एक : प्रत्येक सभासदाकडं एकवीसच कपडे असावेत. (अकरा की एकवीस, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी गणपतीच्या मोदकांचा दाखला मान्य झाला.)

दोन : कुठलाही कपडा कुठल्याही कपड्यावर शोभला पाहिजे, सबब रंग दोनच, सायीचा आणि राखेचा.

तीन : आपले कपडे शिवणारा माणूस सुखी असला पाहिजे.

चार : कपडा म्हणजे जो पूर्ण शिवून झाला आहे आणि जो घरात आहे, तो.

यातून अंतर्वस्त्रं वगळली (तपासनीसाच्या विनंतीवरून), आहेरात आलेले टॉवेल-टोपी वगळले (ते माणसाच्या इच्छेविरुद्ध येतात) आणि लग्नातले शालू वगळले. शेवटची उपसूचना आवडाबाईंची. ती मांडताना त्या सभागृहाच्या दारात उभ्या होत्या, आणि बाहेर जायला दार एकच आहे. एकमतानं मंजूर.

आता, कमी कपडे ठेवायचे तर आधी ते विकत आणावे लागतात. घरातले जुने कपडे एकमेकांवर शोभत नव्हते. म्हणून एक्केचाळीस फ्लॅटमधल्या एकशे बासष्ट माणसांनी (दीड वर्षाच्या बाळासह) प्रत्येकी एकवीस नवे, हातमागाचे, नैतिक कपडे घेतले. तीन हजार चारशे दोन कपडे दोन टेम्पोंतून आले. त्या दिवशी सोसायटी अधिकृतपणे साधी झाली.

तपासणीचं काम पुंजारामकाकांकडं. ते एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळं एकदा मोजलेलं पुन्हा मोजल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. कपाटात बरोब्बर एकवीस भरले की ते प्रमाणपत्राला जुन्या पंचानं भोक पाडत. पहिल्याच दिवशी त्यांना फ्लॅट चौदाच्या साळूबाईंकडं चमत्कार दिसला.

"साळूबाई, परवा तर तुमच्या कपाटाचं दार लागत नव्हतं. मी खांदा लावला व्हता."

"आता लागतंय नव्हं? मग मारा पंच."

"पर बाकीचे गेले कुठं?"

"शफी मास्तरांकडं. बाह्या कमी करायला टाकलेत."

"सगळ्याच्या सगळ्या? साड्यांच्या बी?"

"काका, एस.टी.त लई प्रश्न विचारायचे का तुम्ही पॅसेंजरला?"

प्रकरण बैठकीत आलं. नियम चार पुन्हा वाचला गेला. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला : "शिंप्याकडं असलेला कपडा हा कपडा नसून शक्यता आहे." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकातून शहागंजकडं सतरा रिक्षा गेल्या. गाठोड्यांमुळं माणसांना बसायला जागा नव्हती. ती मागून चालत गेली.

शफी मास्तरांची निवड अतिशय विचारपूर्वक होती. शहरात वेळेवर कपडे देणारे शिंपी पुष्कळ सापडतील. वेळेवर न देणारा इतका खात्रीचा एकच. शहागंजच्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान, एक मशीन, आणि बत्तीस वर्षं एकच उत्तर : "परवा या." याच उत्तरापायी लोकांनी त्यांना बत्तीस वर्षं बोल लावले होते. आता तेच लोक हात जोडून म्हणू लागले, "मास्तर, घाई नाय. अजिबात घाई करू नका." माणसाच्या दोषाचा एवढा सत्कार फक्त निवडणुकीत होतो.

दिवाळीपर्यंत दुकानात चार हजार एकशे सोळा शक्यता जमा झाल्या. त्या छताला टेकल्या, तेव्हा मशीन दुकानाबाहेर आली. मग मास्तरही आले.

एक अडचण मात्र उरली. लोकांना ते कपडे घालायचे होते. साय आणि राख अंगावर घेऊन दोन दिवसांतच पुरुष मंडळी आजारी दिसू लागली, आणि साळूबाईंना त्यांच्या भिशीत कुणीतरी "काय झालं हो, कधी वारले?" असं विचारलं. यावर तोडगा निघाला तो 'फिटिंग'. शिंप्याकडं टाकलेला कपडा अंगाला लावून बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. तो किती वेळ लावून बघावा, याबद्दल नियम मौन बाळगून आहेत. सकाळी साडेआठला शहागंजात रांग लागायची, लोक आपापली शक्यता अंगात घालून कामावर जायचे आणि संध्याकाळी येऊन सांगायचे, "मास्तर, काखेत अजून जरा बघा." पुरावा म्हणून मास्तर प्रत्येकाच्या पाठीवर खडूची रेघ ओढायचे. पाठीवर रेघ असलेला माणूस नियमात बसतो, असं पुंजारामकाकांनी जाहीर केलं. महिन्याभरात इतर सोसायट्यांतली पोरंसोरंही शाळेतून खडू आणून पाठीवर रेघा मारू लागली. आमच्या एका सभासदानं एक बाही कच्च्या टाक्यांवर ठेवून तीन आठवडे ऑफिस केलं आणि त्याला बढती मिळाली. (संबंध सिद्ध झालेला नाही. दुसरं कारणही सापडलेलं नाही.)

नियम तीनचा आम्हाला विसर पडला होता, असं कुणी म्हणू नये. मास्तर सुखी आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी समितीनं सेहेचाळीस प्रश्नांचा फॉर्म केला. तो मास्तरांनी रोज जेवणाच्या सुट्टीत भरायचा होता, कारण इतर वेळी ते कामात असत. प्रश्न सतरावा : 'आपणांस जेवणासाठी पुरेसा वेळ मिळतो काय?' मास्तरांचं उत्तर माझ्या फायलीत आहे : 'हा फॉर्म झाला की सांगतो.'

अशी सगळी व्यवस्था उत्तम चाललेली असताना मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं.

अख्तरी बी.कॉम. झालेली, शहागंजातल्याच एका औषधाच्या दुकानात कामाला. मुलगा गंगापूरचा. निकाह रविवारी, अकरा दिवसांवर. मास्तरांनी फार पूर्वी शब्द दिला होता की लेकीचा लग्नाचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, ते स्वतःच्या हातानं शिवतील, दुसऱ्या कुणाची सुई त्याला लागणार नाही. जोड्याचं डाळिंबी कापड त्यांच्या पत्नी जैतुनबींनी चार बाजार पालथे घालून आणलं होतं आणि दुकानातल्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवलं होतं. तेव्हा तिथं फळी होती. आता तिच्यावर समाधान सोसायटी होती.

मी फॉर्म द्यायला गेलो तेव्हा अख्तरी मशीनपुढं कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अब्बा, मेरा जोडा?"

मास्तरांनी मान वर न करता, बत्तीस वर्षांच्या सवयीनं सांगितलं, "परसों आओ."

"अब्बा! मैं गिऱ्हाईक नहीं हूँ!"

मागून जैतुनबी आल्या. त्यांनी आधी दुकानाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या फॉर्मकडं. "चालीस घरां के कपडे हैं इसमें, बेटा. मेरी बच्ची का एक कपडा किधर है, वो तुमारे कागज में कौनसे नंबर पे पूछा?"

प्रश्न सेहेचाळीसातला नव्हता. मी तो 'इतर सूचना' या रकान्यात घेतला.

पुढचे सहा दिवस मास्तर रोज ठरवायचे की आज कापड काढू, आणि रोज फिटिंगची रांग लागायची. निकाहाचं आमंत्रण मात्र त्यांनी एक्केचाळीस घरी स्वतः जाऊन दिलं. प्रत्येक घरानं आनंदानं विचारलं, "मास्तर, मग माझा तो निळा लग्नात घालायला मिळंल ना?"

बुधवारी सकाळी रांग पोचली तेव्हा शटर खाली होतं. त्यावर खडूनंच लिहिलं होतं : 'लग्नामुळे दुकान बंद. सोमवारी या.' आतून मशीनचा आवाज येत होता. आप्पासाहेबांनी शटरवर टकटक केली.

"मास्तर, आत आहात का?"

"नाय," आतून उत्तर आलं.

"मशीन चालू आहे की!"

"मशीन है. मैं नहीं हूँ."

"मास्तर, ऐका तर. माझी निळी पँट तेवढी शटरखालून सरकवा. रविवारी लग्नाला जायचंय."

"किसकी शादी है?"

"किसकी म्हणजे? तुमच्या अख्तरीची!"

मशीन थांबली.

"आप्पासाहेब," आतून आवाज आला, "तीन घंटे लगे मेरेकू खाली पोचायला. बोगदा केलाय. कापड मिला. मशीन बी आत ओढून घेतली. आता मी बोगद्यात बसून शिवतोय. तुमची पँट वरच्या बाजूला, उजवीकडं. ती ओढली की सगळं माझ्यावर. तुम्हीच सांगा, पँट काढू का जोडा शिवू?"

कपड्यांखाली वीस मिनिटं काढलेला माणूस या गल्लीत एकच होता. आप्पासाहेबांनी शटरवरचा हात काढला.

"जोडा शिवा, मास्तर."

"आणि आम्ही काय घालायचं?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

पुंजारामकाकांनी खिशातला पंच काढून पाहिला आणि परत ठेवला. "घरी एकवीस हायेत की. मी दोनदा मोजलेत."

समितीच्या इतिहासात एखादी सूचना इतक्या उशिरा आणि इतकी अनपेक्षित आली नव्हती.

रविवारी शादीखान्याच्या दारातून एकशे साठ माणसं (बाळ आणि त्याची आई घरी) एकदम आत गेली. सगळ्यांच्या अंगात सायीचे झब्बे, राखेच्या विजारी. बायकांच्या सायीच्या साड्या, राखेचे काठ. कडक घड्या, काहींना अजून किमतीच्या चिठ्ठ्या. गंगापूरच्या पाहुण्यांनी मान वर करून पाहिलं. नवऱ्या मुलाच्या मामांना मनापासून आनंद झाला. "वा! इंतजाम एकदम टॉप! ए भाऊ, इकडं पाणी बघा. आणि नान कुणाकडं हाय?"

आप्पासाहेबांनी "मी सोसायटीचा अध्य—" इथपर्यंत प्रतिकार केला. तेवढ्यात आचाऱ्यानं, देवानं माणसं पाठवली अशा चेहऱ्यानं, त्यांच्या हातात नानची परडी दिली. पुंजारामकाकांकडं कलियाच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याची बादली आली. त्यांनी पंगतीत "आगे सरको, आगे सरको" सुरू केलं आणि चाळीस वर्षांत प्रथमच कुणी ते ऐकलं. साळूबाई बायकांच्या बाजूला डालच्याची आमटी वाढत होत्या, आवडाबाई दारात उभ्या राहून कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हत्या. मी हात धुवायला पाणी घालत होतो. सोसायटीनं शफी मास्तरांसाठी फॉर्मशिवाय काही करण्याची ही पहिलीच वेळ.

दीड वाजता अख्तरी आली. डाळिंबी जोडा, शेवटच्या टाक्यापर्यंत पुरा. बत्तीस वर्षांत मास्तरांनी ठरल्या दिवशी दिलेला पहिला कपडा. मास्तर तिच्याकडं बघत राहिले, मग डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगत सुटले की सुई लागली. जैतुनबी म्हणाल्या, "सुई डोळ्याला कशी लागती हो?" पण हळू म्हणाल्या.

सोमवारी शटर उघडलं. रांग होतीच. मास्तर खुर्ची टाकून बाहेर बसले होते आणि त्यांच्यापुढं, कोरी बाजू वर करून ठेवलेले, आमचेच फॉर्म होते.

"सबके कपडे वापस देतो," ते म्हणाले. "आजच. परवा नाय. एकच शर्त. माझ्या बच्चीचं कापड मी अंधारात, चार हजारांतनं, हातानं ओळखलं. काइकू? ते मला पाठ होतं. तुम्हाला तुमचे जेवढे पाठ असतील तेवढे या कागदावर लिवा. लिहिले तेवढे तुमचे. आत बघायचं नाय."

रांगेला हे फारच सोपं वाटलं. आप्पासाहेब निळ्या पँटपासून जोरात सुरू झाले आणि नऊवर अडकले. पुंजारामकाका सात, त्यातले दोन एस.टी.चे खाकी, जे त्यांनी निवृत्तीला परत केले होते. साळूबाईंनी सोळा लिहून विक्रम केला, पण त्यातले तीन बहिणीचे निघाले. संध्याकाळी बेरीज झाली. चार हजार एकशे सोळांपैकी दोन हजार आठशे बारा कपड्यांना जगात कुणीही मालक नाही.

समितीनं ही पद्धत शास्त्रीय मानून तिचा विस्तार करायचं ठरवलं आहे आणि पहिली चाचणी वाचकांवर घ्यावी असा ठराव झाला आहे. तेव्हा कागद घ्या. कपाटाकडं पाठ करून बसा आणि लिहायला लागा.

(सहाव्यालाच थांबलात? घाबरू नका, सगळेच थांबतात. आत्ता अंगात जो आहे तो लिहा. कुठला आहे ते आठवत नसेल, तर खाली बघायला परवानगी आहे.)