मोहबोडीच्या शाळेतील प्रकार दुसरा

प्रत्येक सजीवाला आपल्यासारखाच दुसरा जीव निर्माण करावासा वाटतो. शिक्षण खाते सजीव आहे की नाही याबद्दल दुमत आहे, तरी त्यालाही तसे वाटते, आणि ते एका परिपत्रकाच्या पोटी दुसरे परिपत्रक जन्माला घालत राहते. सन १९५७ चा पावसाळा सरल्यावर असेच एक परिपत्रक चांदा जिल्ह्यातल्या मोहबोडी गावी, मूल गावच्या बाजारातून परतणाऱ्या बैलबंडीत, गुळाच्या भेलीखाली दबून येऊन पोचले. (मोहबोडी वर्षभरापूर्वीच, जागची तसूभर न हलता, मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेली होती. एवढ्या प्रवासानंतर टपाल थोडे चिकट होणारच.)

परिपत्रकाचा मजकूर असा होता. सातव्या वर्गास सामान्य विज्ञानाचा सोळावा धडा, ‘सजीवांतील जनन: अलैंगिक व लैंगिक, आणि त्याचा संततीच्या विविधतेवर होणारा परिणाम’, प्रत्यक्ष उदाहरणांसह शिकवावा, विद्यार्थ्यांच्या निरीक्षणांचा तक्ता करून भिंतीवर लावावा, जानेवारीत डिप्टी साहेब तपासणीस येतील तेव्हा तो दाखवावा.

हेडमास्तर गुणवंतरावांनी तो कागद प्रथम उभ्याने वाचला, मग बसून वाचला. नोकरीत बावीस वर्षे झालेला हा सज्जन माणूस. ते पुस्तक लागून सहा वर्षे झाली होती, आणि गुणवंतराव दरवर्षी त्यातले पंधरा धडे मन लावून शिकवत, सतरावाही शिकवत. सोळाव्याच्या दिवशी मात्र तीनदा त्यांना हिवताप आला, दोनदा मेहुण्याचे लग्न निघाले (मेहुणा एकच होता) आणि एकदा शाळेची कौले शाकारावी लागली. या सहा वर्षांत सोळाव्या धड्यावर एकाही विद्यार्थ्याचे उत्तर चुकले नाही, कारण प्रश्नच विचारला गेला नव्हता. अशी शंभर टक्के यशाची परंपरा आता धोक्यात आली.

तेव्हा धडा सेवाज्येष्ठतेने खाली खाली सरकत शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षकाकडे गेला. ही नीलाबाई. वय तेवीस, नागपूरच्या नॉर्मल स्कुलातून शिक्षकीचे शिक्षण घेऊन जुलैत आलेली, नेमणूक तात्पुरती. डिप्टी साहेबांचा शेरा चांगला आला तर ती कायम होणार होती. नाही आला तर सिरोंचाच्या पलीकडे, जिथे बस जात नाही अशा एका शाळेत जागा रिकामी होती.

“बाई, धडा शिकवा,” गुणवंतराव म्हणाले, “पण जपून.”

जपून म्हणजे कसे, हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहूनच दिले. धड्याच्या नावातले दोन्ही शब्द वर्गात उच्चारू नयेत. एका जीवापासून होते त्याला ‘प्रकार पहिला’ म्हणावे आणि दोघांपासून होते त्याला ‘प्रकार दुसरा’. चार पायांच्या प्राण्यांचे उदाहरण देऊ नये. दोन पायांच्यांपैकी कोंबडी चालेल, कोंबडा नको. वनस्पतींना मोकळीक आहे, तथापि फुलाविषयी बोलताना मुलींच्या बाकांकडे पाहू नये.

नीलाबाईने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पोरांना घेऊन शाळेमागच्या केळीपाशी गेली.

“हे बघा. ही मोठी केळ, आणि तिच्या बुंध्याशी ही पिल्लं. बी नाही, काही नाही. एकाच झाडापासून आली, म्हणून सगळी हुबेहूब आईसारखी. हा प्रकार पहिला.”

“म्हून तं रोग आला की सारीच्या सारी मरतेत, बाई,” मागून आवाज आला. “दोन साल झाले, एका हप्त्यात बाग साफ झाली होती.”

ही बुधरी. सुकलू नांगऱ्याची पोर, तेरा वर्षांची, तल्लख. नीलाबाईला आनंद झाला. जे समजावून द्यायला नॉर्मल स्कुलात दोन तास लागले होते ते पोरीने एका वाक्यात सांगून टाकले होते.

तिथून वर्ग गावच्या बोडीवर गेला. बोडी म्हणजे गावचा लहानसा तलाव. तिच्या पाळीवर आंब्याची एकवीस झाडे होती. सगळी एकाच आंब्याच्या कोयींपासून लावलेली, आणि एकासारखे दुसरे नाही. पोरांना प्रत्येकाचे नाव ठाऊक होते: हा शेंदऱ्या, हा खोबऱ्या, हा शेप्या, आणि तो कोपऱ्यातला इतका आंबट की माकडही एकदाच खाते.

“माय एकच ना? मग एवढ्या तऱ्हा कशा?” नीलाबाईने विचारले.

“बाप येगयेगळे असतीन,” बिरजू म्हणाला. सारा वर्ग हसला. नीलाबाईने मुलींच्या बाकांकडे पाहिले नाही, कारण बाके शाळेत होती.

“बरोबर. आईचं थोडं, बापाचं थोडं, आणि दर वेळी मिसळण निराळी. म्हणून वादळात, रोगात सगळी एकदम जात नाहीत. कोणी ना कोणी टिकतं. हा प्रकार दुसरा.”

येथवर सर्व नियमानुसार झाले. परंतु परिपत्रकाला निरीक्षणांचा तक्ता हवा होता, आणि नीलाबाई प्रामाणिक होती. (प्रामाणिकपणाबद्दल चिठ्ठीत सूचना द्यायची राहून गेली होती.) तिने पोरांना गृहपाठ दिला: आपले काय आईसारखे, काय बापासारखे आणि काय दोघांसारखे नाही ते लिहून आणा.

एकतीसपैकी एकोणतीस जणांनी आणले. अकरा जणांचे कान आईसारखे निघाले, सात जणांचे नाक बापासारखे, चौघे डावखुरे, एकाने ‘घोरणे: आज्यासारखे’ असे लिहिले. नीलाबाई वर्गातच मोठ्या कागदावर एकेक नोंद उतरवीत गेली. शेवटच्या रकान्यात, म्हणजे आईसारखे नाही आणि बापासारखेही नाही या रकान्यात, तिने बिरजूच्या नावापुढे लिहिले, ‘कपाळावर पांढरी बट’. मग एका कोष्ट्याच्या पोरीच्या नावापुढे तेच लिहिले. मग बुधरीच्या नावापुढे लिहू लागली, आणि हात तिथेच थांबला.

कारण चौथी पांढरी बट तिने कुठे पाहिली होती ते तिला आठवले.

ती शाळा समितीचे अध्यक्ष नानाजी मालगुजार यांच्या कपाळावर होती. सात पिढ्या त्या घराण्यात दर पिढीला एकदोघांना तरी ती यायची. गावात तिला ‘राजबट’ म्हणत, आणि नानाजी टोपी मुद्दाम मागे सरकवून घालीत. सरकारने १९५१ साली त्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची वंशपरंपरागत जमीनदारी, घेतली, जंगल घेतले, बोडीही घेतली. बट मात्र सरकारला घेता आली नव्हती. आणि मोहबोडीतल्या पुष्कळ बायका वर्षानुवर्षे नानाजींच्या घरी धान कांडायला जात. नको म्हणण्याची सोय त्या काळी नव्हती.

“बाई,” बुधरीने शांतपणे विचारले, “मायची नाई, बापाची नाई. मंग हे बट मले कोनापासून आली?”

बाकीची सगळी पोरे एकदम जमिनीकडे पाहू लागली. वर्गात हे त्या दिवसापर्यंत ज्याला माहीत नव्हते असे एकच माणूस होते, आणि ते शिकवत होते.

“पुस्तकात एवढंच दिलंय,” नीलाबाई म्हणाली. आपण या पोरीचे काय करून बसलो, या विचाराने दुपारचा डबाही तिला गोड लागला नाही.

तक्ता तास संपताच कार्यालयात जमा झाला होता; तो गुपचूप काढून टाकावा म्हणून ती शाळा सुटल्यावर गुणवंतरावांकडे गेली. पण त्यांनी कर्तव्यतत्परतेने तो भिंतीवर लावून शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरात सत्तेचाळीस नंबरवर चढवला होता, पंचेचाळीसावी बादली आणि सेहेचाळीसावी घंटा यांच्या खाली. आता तो फाडायचा तर चांद्याहून मंजुरी आणावी लागणार होती. मंजुरीसाठी कारण द्यावे लागणार होते, आणि कारण लिहायचे तर पुन्हा तक्ताच लिहावा लागणार होता.

गावाला यातले काही नवीन होते असे नाही. गावाला सगळे माहीत होते, फक्त तक्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी समितीची तातडीची सभा भरली. सभासद पाच: एक नानाजी आणि चार अनुमोदक.

“हे काय लावून ठेवलं भिंतीले?” नानाजींनी विचारले. त्या दिवशी प्रथमच त्यांची टोपी भुवयांपर्यंत खाली होती.

“परिपत्रकानुसार तक्ता आहे,” गुणवंतराव म्हणाले. त्यांना हिवतापाची कणकण जाणवू लागली होती.

बराच खल झाला. एका सभासदाने सुचवले की तक्त्यावर कॅलेंडर टांगावे. दुसरा म्हणाला, साहेब कॅलेंडर उचलून पाहतात. अखेर अत्यंत शास्त्रशुद्ध तोड निघाली. ती तीन पोरे पटावरून कमी करावी. विद्यार्थीच नसले तर त्यांच्या नोंदी आपोआप रद्द होतात. आणि नीलाबाईंची सिरोंचाकडे रवानगी व्हावी अशी शिफारस करावी. चारही अनुमोदकांनी अनुमोदन दिले. सभेचे टिपण लिहायला नीलाबाईलाच बसवले होते, कारण तिचे अक्षर चांगले होते. स्वतःच्या हद्दपारीचा ठराव सुवाच्य अक्षरात लिहिण्यासाठी तिने टाक दौतीत बुडवला, अर्धी ओळ लिहिली, तेवढ्यात दारात सावली पडली.

बुधरीची माय, सुकरी. धानकापणीवरून तशीच आली होती, कमरेला विळा, लुगड्याला काडीकचरा. तिने पायरी चढायची परवानगी मागितली नाही.

“नानाजी, मले एक गोठ सांगा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “हे बट घराण्याची हाये का बोडीच्या पान्याची? घराण्याची असन, तं माह्या पोरीले घराण्यातला वाटा द्या. पान्याची असन, तं पानी साराच गाव पिते. मंग तिलेच शाळेतून काऊन काढता?”

एका अनुमोदकाने सवयीने ‘अनुमोदन’ म्हटले आणि जीभ चावली.

नीलाबाईने ठरावाची अर्धी ओळ खोडली, नवे पान काढले आणि नानाजींकडे सरळ पाहिले. “विज्ञानाप्रमाणे प्रश्न बरोबर आहे, साहेब. समितीला जे मान्य असेल ते सांगा. घराणं की पाणी? मी लिहून घेते.”

नानाजींनी टोपीला हात लावला, काढून घेतला, पुन्हा लावला. सात पिढ्या एका बाजूला आणि वाटा एका बाजूला. सुकरी विळ्यावर हात ठेवून उभी होती. (विळा धानासाठी होता. तथापि तो तिथे होता.)

“पानी,” नानाजी म्हणाले.

“मोठ्यानं बोला भाऊ,” सुकरी म्हणाली. “बाईले लिहाचं हाये.”

“पानी! बोडीचं पानी!”

आणि ठराव क्रमांक नऊ एकमताने मंजूर झाला: ‘मोहबोडी येथे आढळणारी पांढरी बट ही कोणत्याही घराण्याची नसून बोडीच्या पाण्याचा गुण आहे. सबब तिन्ही विद्यार्थ्यांची नावे पटावर कायम ठेवावीत, व धडा समाधानकारक शिकवला गेल्याची नोंद घ्यावी.’ नानाजींनी खाली सही केली. सात पिढ्यांची राजबट त्या एका सहीने शेवाळात गेली.

जानेवारीत डिप्टी साहेब आले. त्यांनी तक्ता नंबर सत्तेचाळीस वरपासून खालपर्यंत वाचला, मग वर्गाकडे वळून नेमके बुधरीकडे बोट केले.

“संततीत विविधता कोणत्या प्रकाराने येते?”

“प्रकार दुसरा, साहेब.”

“गावातलं उदाहरण दे.”

समिती दाराशीच बसली होती. गुणवंतरावांनी भिंत धरली. बुधरीने एकदा नानाजींकडे पाहिले, सावकाश पाहिले, त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब मोजता येतील इतके सावकाश.

“आंबे, साहेब,” ती म्हणाली.

साहेबांनी ठराव क्रमांक नऊ वाचला. नानाजींच्या टोपीकडे पाहिले, तीन पोरांकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. मग शेरा लिहिला: ‘धडा परिणामकारक. बाईंना कायम करावे. पुढील वर्षी धडा वगळावा.’ ते विद्वान गृहस्थ होते, तरी त्या दिवशी मोहबोडीत त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. चहाही नको म्हणाले.

नानाजी पुढे कलप लावू लागले. नीलाबाई कायम झाली. सुकरीने त्या वर्षापासून कांडपाला जाणे बंद केले, आणि तिच्या मागोमाग आणखी चौघींनी. या आकड्याचा मात्र कोणी तक्ता केला नाही. बुधरी सातवी उत्तीर्ण झाली तेव्हा तालुक्यात तिचा नंबर तिसरा होता.

सुज्ञ वाचक एव्हाना मोहबोडीला मनसोक्त हसले असतील. हसावे. खेडेगाव ते खेडेगाव. तिथे दवाखाना नव्हता, त्यामुळे पोरांना सगळे खरेच सांगावे लागे किंवा ती बघून शिकत. तुमचे तसे नाही. तुम्ही शिकलेले आहात, आणि परवा तुमच्या लेकराने ‘मी कुठून आलो?’ असे विचारले तेव्हा तुम्ही क्षणभरही न अडखळता ‘तुला दवाखान्यातून आणलं’ असे सांगितलेत. यात ना एक जीव लागतो ना दोन. एक इमारत पुरते. विज्ञानाला ठाऊक नसलेला हा प्रकार तिसरा आहे, आणि त्याचा शोध तुमच्या घरी लागला आहे.