डोमाजीभाऊ आणि मोठा गंज

स्वतःवर आरोप करणारा अध्यक्ष मी आयुष्यात एकच पाहिला. सानगडीच्या आमच्या भांडी मंडळाचे डोमाजीभाऊ. लग्नकार्याला गावाला फुकट भांडी द्यायची, एवढाच मंडळाचा व्याप. पगार कुणालाच नाही, वाद मात्र रोज.

वार्षिक सभेत भाऊ खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर बसत. "आता मले जाब इचारा! लोकशाई आहे, सोयरपण नाही!"

सभासद माना खाली घालून चहाची वाट पाहत. कोणी पुटपुटे, "जाऊ द्या ना भाऊ." मग भाऊ स्वतःच उभे राहत. "मागच्या लग्नात अध्यक्षानं भात परतायचा सराटा वाकवला. खरं का खोटं?" खाली बसून स्वतःच उत्तर देत, "खरं!" पुढे निषेधाचा ठराव. बाजूने हात एक, भाऊंचाच. ठराव पडला की ते दिवसभर फुगून बसत.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मंडळाचा सगळ्यात मोठा गंज गायब झाला. गायब कसला, भाऊंच्या अंगणात पालथा पडलेला रस्त्यावरून दिसायचा. अख्ख्या पंगतीचा भात त्यात एका वेळी शिजे. आता लोक लहान पातेल्यांत दोन-दोनदा भात टाकू लागले. वऱ्हाडी ताटावर ताटकळत, नवरदेवाचा मामा रुसून बसे. पण अध्यक्षांना विचारायचं कोणी? एक जण छाती काढून गेला आणि धानावरच्या किडीची चौकशी करून परत आला.

त्या वर्षीच्या सभेत सायत्राबाई उठल्या. महिनाभरापूर्वीच त्यांच्या पोरीचं लग्न झालं होतं.

"भाऊ, मोठा गंज तुमच्या आंगणात काहून आहे? माह्या पोरीच्या वऱ्हाडाले मी कच्चा भात वाढला!"

सभासदांनी माना आणखी खाली घातल्या. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. "वा! बोल बाई, आखीन बोल! नेला मीच. चूक माही. असा अध्यक्ष कायले पायजे? करा हात वर!"

पहिला हात त्यांचाच. मग एकेक करत सगळे वर आले. सायत्राबाई अध्यक्ष झाल्या आणि टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे भाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि मी गंज आणायला गेलो. अंगण सारवलेलं, चटई अंथरलेली, चुलीवर चहाचं आधण.

"पण नेला काहून होता जी?" बाईंनी विचारलं.

भाऊंना या वेळी लोकशाही आठवली नाही. "बुढी गेल्यापासून घरी कोणी येत नाही, बाई. मनलं, गंज न्याले तरी येतीन. तर तुमी लोकं दोनदा भात शिजवता, पण येत नाही!"

आम्ही त्यांचा मान राखत होतो आणि ते दाराकडे डोळे लावून बसले होते.

बाईंनी गंजाला हातही लावला नाही. चटईवर ऐसपैस बसल्या आणि नव्या अध्यक्षांनी आपला पहिला निर्णय सभेला न विचारताच घेतला.

"आज चहा पिऊन जाऊ. गंज न्याले उद्या येऊ."