हेल्गाबाईंचे पुस्तकदर्शन आणि तिसगावचा डबा

न वाचलेल्या पुस्तकाबद्दल माणसाने बोलू नये असा कायदा असता, तर जगातली निम्मी भाषणे, झाडून सगळ्या प्रस्तावना आणि बनुबाईंच्या सुनेचा रविवार हे तिन्ही एकदम बंद पडले असते. तसा कायदा नाही. म्हणून तिसगावच्या बनुबाईंची तक्रार अशी होती, की सून दिशा दर रविवारी दुपारी खरकटी भांडी तशीच टाकून मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवते, त्यातल्या परक्या माणसांकडे बघून तासभर मान डोलावते, आणि ज्या पुस्तकावर डोलावते ते पुस्तक घरात नसते.

("भजनाला बसल्यावानी डोलती," असे त्या शेजारणीला सांगत. "भजनात निदान टाळ तरी असत्यात.")

बनुबाई स्वतः शाळेत गेलेल्या होत्या. एक पावसाळा गेल्या. छप्पर गळू लागले म्हणून शाळा बंद झाली. छप्पर दुरुस्त झाले तोवर बनुबाईंचे लग्न झाले होते. सही येते, एसटीची पाटी वाचता येते, आणि समोरचा खोटे बोलतोय हे काहीही न वाचता कळते. एवढ्या शिदोरीवर त्यांनी सोसायटीची निवडणूक, भावकीचे खटले आणि मुलगा अमृत याचे कृषी सेवा केंद्र, असे सगळे व्यवस्थित चालवले होते. त्यामुळे शिकलेल्या माणसांबद्दल त्यांच्या मनात आदर होता, पण दबून जाण्याइतका नव्हता.

आता दिशाच्या या मोबाईलवरच्या वाचन मंडळाविषयी. ते आंतरराष्ट्रीय आणि अत्यंत शिस्तीचे आहे. नॉर्वेच्या हेल्गाबाई अध्यक्ष. केनियाचे एक निवृत्त न्यायाधीश, ब्राझीलचा एक दंतवैद्य, इतर देशांचे किरकोळ सभासद, आणि मुक्काम पोस्ट तिसगाव, तालुका पाथर्डी येथील दिशा. मंडळ महिन्याला एक पुस्तक निवडते. निकष कडक आहेत. पुस्तक जाड हवे, लांबच्या देशातले हवे, आणि मुख्य म्हणजे सहज मिळता कामा नये. सहज मिळालेले पुस्तक लोक वाचून टाकतात, मग चर्चा कशावर करायची?

सभेच्या आरंभी 'पुस्तकदर्शन' नावाचा विधी असतो. प्रत्येकाने आपली प्रत कॅमेऱ्यासमोर धरायची. प्रत कागदाचीच हवी. मोबाईलमधली चालत नाही. (कागदाचा वास घेतल्याशिवाय साहित्य अंगी लागत नाही, असे हेल्गाबाईंचे मत आहे. वास कॅमेऱ्यातून कसा तपासतात, याचा खुलासा नियमांत नाही.) ज्याच्या हाती प्रत नाही त्याने तोंड उघडायचे नाही, नुसती मान डोलवायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत प्रत आली नाही तर तो महिना बुडाला. तीन महिने बुडाले की नाव वगळले. पुस्तक वाचले का, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. सुसंस्कृत माणसे असे प्रश्न विचारत नसतात.

दिशाचे दोन महिने बुडालेले होते. तिसरा निम्मा सरला होता.

दोष दिशाचा नव्हता. तिने पुस्तके रीतसर मागवली होती. परदेशातून निघालेले पार्सल मुंबईला भरधाव येते, नगरला बेताने येते, आणि पुढे कुठेतरी विसाव्याला थांबते. मग मोबाईलवर निरोप येतो : 'घर बंद असल्याने पार्सल परत पाठवले आहे.' बनुबाईंच्या घराची कडी उघड्या जागी गंजून गेल्याला जमाना झाला.

"घर बंद?" बनुबाई कडाडल्या. "माझं? माझं तोंड बंद नसतं, तर घर कसं बंद आसंल?"

त्याच दिवशी दिशा स्वयंपाकघरात, कांदा न चिरता, रडताना सापडली.

"काय झालं गं रडायला? पुस्तकच न्हाई आलं ना? नवरा तर हाय जाग्यावर."

"तुम्हाला नाही कळायचं, आत्या. तिथं हातात प्रत असली की कुणीतरी विचारतं, 'दिशा, तुला काय वाटतं?' म्हणून."

"आन् हितं न्हाई इचारत? मी रोज इचारते, कालवनात मीठ किती टाकू."

"विचारता. आणि मी सांगते त्याच्या दुप्पट टाकता."

हे खरे असल्यामुळे बनुबाईंनी विषय बदलला. "हाय तरी काय एवढं त्या पुस्तकात?"

पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर दिशाने मोबाईलवर पाहिला होता, तेवढा सांगितला. जॉर्जिया नावाचा डोंगराळ देश. तिथली एक विधवा. तिच्या शेळ्या, तिचे चराईचे रान, आणि त्या रानावर डोळा ठेवून बसलेला तिचा दीर.

तव्यावरची भाकरी करपली. बनुबाईंच्या हातून भाकरी करपण्याची तालुक्यातली ही पहिलीच नोंद होय.

"मंग? दिलं का तिनं रान?"

"ते पुस्तकातच आहे, आत्या."

बनुबाई तवा खाली उतरवून उभ्या राहिल्या. "आन् ती हेल्गी तुला काढनार? माझ्या सुनंला कुठूनबी काढायचं तर आदी मला इचारावं. तो मान माझा हाय."

अशा रीतीने आंतरराष्ट्रीय वाचनाचा तिसगाव विभाग बनुबाईंच्या ताब्यात आला.

त्यांनी आठवडे बाजारातून सांगावा धाडला : जॉर्जियाच्या बाईचे, शेळ्यांचे, दीर असलेले, जाड इंग्रजी पुस्तक पाहिजे. सांगावा हा प्रवासात हलका होत जाणारा पदार्थ आहे. पाथर्डीपर्यंत पोचताना त्यातला दीर गळाला, भिंगारपर्यंत शेळ्या गळाल्या, आणि अकोले तालुक्यात राजूरच्या व्याह्यांकडे तो पोचला तो असा : बनुबाईंना पुस्तक पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा एक मोठा गुण असा की मागितलेली वस्तू जवळ नसली तरी तो नाही म्हणत नाही. जी असेल ती देतो. शेळीपालनाची माहितीपुस्तिका आली. (हे नेम जवळ बसल्याचे एकमेव उदाहरण.) दहावीच्या भूमितीचे गाईड आले. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल आला. भिंगारहून लष्करी ट्रकच्या दुरुस्तीचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आले आणि राजूरहून लग्नाचा अल्बम आला, कारण तोही पुस्तकासारखाच उघडतो. बनुबाईंनी आल्या पुस्तकाला खाकी कव्हर घातले. पुस्तक उघडेबोडके ठेवायचे नाही, एवढे त्या एका पावसाळ्यात शिकल्या होत्या आणि ते त्यांनी आयुष्यभर पाळले.

पुढची अडचण शिष्टाचाराची होती. नको असलेले पुस्तक परत करायला हवे. पण आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान मूठभर शेंगा तरी घालतात. पुस्तकही एका अर्थी भांडेच, असे बनुबाईंनी ठरवले. ट्रकच्या पुस्तकासोबत शेंगा गेल्या. गाईडासोबत कुरडया गेल्या. शेंगा आणि कुरडया संपल्यावर प्रत्येक पुस्तकावर दुसरे एक पुस्तक ठेवून पाठवणी सुरू झाली. घेणारेही घरंदाज होते. त्यांनी तिसरे ठेवून परत केले.

मग मात्र कोणाच्या हाती काही राहिले नाही. अमृतच्या टेम्पोत खताच्या गोण्यांवर पुस्तके बसून हिंडू लागली. भूमितीचे गाईड राजूरला जाऊन आले, पुन्हा गेले आणि येताना इतिहासाचे गाईड सोबत घेऊन आले. कारखान्याचा अहवाल, जो खुद्द सभासदांनी कधी हातात धरला नव्हता, तो घरोघर पाटावर बसून चहा घेऊ लागला. राजूरच्या अल्बमातून दोन सोयरिकी जमल्या. एवढे थेट कार्य आजवर कोणत्याही कादंबरीच्या हातून झालेले नाही. अधिकृत पाहणी झालेली नाही, तरी जाणकारांचा अंदाज असा की त्या काळात तालुक्यातली दरडोई पुस्तक-उलाढाल युरोपच्या तोंडात मारील अशी होती. वाचनाचे प्रमाण पूर्वीइतकेच स्थिर राहिले.

आणि अशा धामधुमीत, शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, खरे पुस्तक आले.

ते एस्तेरबाईंनी आणले. एस्तेरबाई म्हणजे भिंगारच्या निवृत्त नर्स. अमृतच्या जन्माच्या वेळी "ओरडू नका" असे त्यांनी बनुबाईंना दटावले होते, आणि असे दटावून जगात मैत्रीण म्हणून टिकलेल्या त्या एकट्याच. त्यांची भाची दीना लंडनला नर्स आहे. तिने पुस्तक शोधले, सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या बॅगेत घातले, आणि एस्तेरबाई ते केकच्या डब्यासह एसटीने घेऊन आल्या. दिशा तेव्हा पाथर्डीला गेली होती.

"हेच का गं एस्तेर ते? शेळीवालीचं?"

"हेच, बनुताई. मागं शेळीचं चित्रसुद्धा आहे."

बनुबाईंनी शेळी पाहिली, समाधानाने तिच्यावर खाकी कव्हर चढवले आणि पुस्तक ढिगावर ठेवले. मग गप्पा झाल्या, चहा झाला. घरातला शेवटचा लाडू एस्तेरबाईंच्या डब्यात भरला गेला. त्या वळतात न वळतात तोच दारात आसाराम सर उभे.

आसाराम सर हे निवृत्त मुख्याध्यापक, अमृतचे गुरुजी आणि गावातले एकमेव मान्यताप्राप्त वाचक. त्यांचा चष्मा दोरीला बांधलेला असतो. घरच्या भाजणीचा डबा त्यांनी प्रेमाने आणला होता. बनुबाईंनी भाजणी ओतून घेतली आणि फडताळ उघडले. फडताळात काही नव्हते. सरांचा डबा रिकामा गेला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्यांनी ढिगावरचे पुस्तक उचलून डब्यावर ठेवले आणि सरांना वाटेला लावले.

(नुकतेच आलेले पुस्तक ढिगात कोणत्या जागी असते, हा भूमितीचा प्रश्न होता, आणि गाईड त्या दिवशी राजूरला होते.)

संध्याकाळी दिशा आली. तिने एकेक कव्हर सोडले. ट्रक निघाला, शेळीपालन निघाले, जॉर्जिया काही निघाला नाही. अमृतला मोटारसायकलवर सरांकडे पिटाळले. तो हात हलवत परत आला.

"सर म्हणाले, वाचतोय. झालं की देतो."

"आन् तू आलास? वढून का न्हाई आनलं?"

"आई, त्यांनी मला पाढे शिकवलेत. वाचत असलेल्या मानसाच्या हातातून पुस्तक कसं वढायचं?"

(सर निवृत्त झाले त्याच महिन्यात शाळेचे ग्रंथालय पुस्तकांअभावी बंद पडले. या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही.)

रविवार उजाडला. दिशाने रडून घेतले, तोंड धुतले आणि जाडी जुळते म्हणून कारखान्याचा अहवाल हातात घेतला. बनुबाई इरकल नेसून शेजारी बसल्या. पुस्तकदर्शन सुरू झाले. दिशाने खाकी कव्हरातला अहवाल वर धरला.

हेल्गाबाई चष्मा सारून पुढे वाकल्या. दंतवैद्य उद्गारला, किती देखणे! न्यायाधीशांनी ही हाताने बांधलेली दुर्मिळ आवृत्ती असल्याचा निर्वाळा दिला आणि ती कुठे मिळते याची चौकशी केली. मग हेल्गाबाई म्हणाल्या ते वाक्य, ज्याच्यासाठी दिशाने महिनोन्‌महिने मान डोलावली होती : "दिशा, तुला काय वाटतं?"

दिशाने पाने उलटली. अहवालात उसाच्या गाळपापलीकडे काही नव्हते.

"काय म्हनती हेल्गी?" बनुबाईंनी कानात विचारले.

"मला काय वाटतं ते विचारताहेत, आत्या."

"मंग तूच इचार की त्यांना. रान शेवटी कुनाकडं ऱ्हायलं? आन् शेळ्यांचं काय झालं? एवढ्या जनांनी वाचलंय, एकजन तरी सांगंल."

दिशाने विचारले.

तत्क्षणी नॉर्वेतली वीज गेली. ब्राझीलच्या दंतवैद्याला, तिकडे नुकती पहाट झालेली असताना, तातडीचा दाढदुखीचा रुग्ण आला. न्यायाधीश अवाक्षर न बोलता निश्चल झाले. चित्र गोठले असे वाटले असते, पण त्यांच्या मागचा पंखा फिरत होता.

पुढच्याच आठवड्यात मंडळाने नियम सुधारले. पुस्तकदर्शन यापुढे खाकी कव्हरातच होईल. पुस्तकाच्या शेवटाबद्दल प्रश्न विचारणे असभ्य समजले जाईल. श्रीमती दिशा यांची उपाध्यक्षपदी एकमताने निवड करण्यात येत आहे. या सुधारणांनंतर सभासदसंख्या झपाट्याने वाढली. पुस्तक मिळत नाही अशी तक्रार जगात कुठूनही उरली नाही.

आसाराम सर अजून वाचताहेत. बाजारात बनुबाई समोरून आल्या की ते पावसाचा अंदाज घेत आभाळाकडे बघतात.

परवा भाकरीच्या वेळी दिशा म्हणाली, "आत्या, उपाध्यक्ष झाले खरी. पण त्या बाईचं काय झालं ते राहिलंच."

बनुबाईंनी परात बाजूला सारली आणि निकाल दिला.

"दिशा, तुझ्यावरची तक्रार मी माघारी घेतली. तू न वाचता डोललीस, पन कुनाचं पुस्तक दाबून न्हाई बसलीस. बघ की, न वाचनाऱ्यांकडं गेलेलं एकूनएक पुस्तक माघारी आलं, वर दुसरं घिऊन आलं. वाचनाऱ्याकडं एकच गेलं, तेवढंच बुडालं. रिकामा डबा परत द्यायला लाजनारी मानसं, भरलेलं पुस्तक ठिवून घ्यायला लाजत न्हाईत बघ. आता असं कर. जो कुनी सोताला वाचनारा म्हनवतो ना, त्याच्या कपाटात हात घाल. दुसऱ्याचं नाव लिवलेलं एक तरी घावंल. आन् जो म्हनंल, 'छे, मी न्हाई बाई त्यातला,' त्याच्यापासनं सुरवात कर. आपली शेळीवाली त्याच्याकडंच आसंल."