पेंट या शब्दाचें कुळमूळ आणि बहिरोपंतांचा अंगठा

श्रीगजाननास, आणि ज्यानें पहिलें अक्षर काढिलें त्या हातास नमन करून लिहितों. शके सत्राशें एक, विकारी नाम संवत्सर, कार्तिक मास. कोणे एके राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याची सोय नाहीं, महाराज तख्तीं असतां ऐसें वर्तमान जाहलें कीं, टोपीकरांचे वकील बारटलसाहेब यांनीं राजवाड्याचे दरवाजास लावावयासी हिरव्या रंगाचीं सहा पिंपें नजर केलीं, आणि चिटणीस बहिरोपंत यांनीं पोहोचेचें पत्र लिहितां, साहेब खूष व्हावा म्हणून, 'रंग' न लिहितां साहेबाचाच शब्द लिहिला, 'पेंट पावला', आणि त्यावर शिक्का जाहला, आणि मग पंतांस रिवाज आठवला, आणि हातची लेखणी गळाली.

रिवाज ऐसा कीं, परका शब्द दफ्तरीं आला म्हणजे ज्यानें लिहिला त्यानें तिसरे दिवशीं तख्तासमोर उभें राहून त्याचें कुळमूळ व सारे अर्थ सांगावे. खरे ठरले तर शब्द राज्याचा. खोटे ठरले तर लेखणी धरावयाचा अंगठा सरकारजमा. त्याकरितां रुप्याचे तबकांत एक थोरला अडकित्ता ठेविलेला असे. हंसूं नका; तें तबक आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

पंत घरीं आले तों तोंडचें पाणी पळालेलें. कुटुंब म्हाळसाबाई म्हणाल्या, "अहो, साधा रंग लिहावयास काय झालें होतें? आतां जन्मभर मीं भात कालवून भरवावा कीं काय?" आणि डोळ्यांस पदर लाविला. मग पंत दरबारचे गणोरेशास्त्री यांजकडे धांवले. शास्त्री हंसून बोलिले, "एवढेंच ना? आपला पीत, म्हणजे पिवळा. पीताचा पींत, पींताचा पेंट. शब्द मूळचा आपलाच! महाराज शेला देतील, पंत, शेला!" पंतांचे जिवांत जीव आला.

परंतु परततां वाटेंत पेठेमध्यें नारोपंत बसले होते. हे पूर्वींचे चिटणीस. आतां सुपारी विकीत आणि डाव्या हातें कातरीत. पंतांनीं हर्षें पीताची हकीकत सांगितली. नारोपंतांचा अडकित्ता थांबला. म्हणाले, "बहिरोबा, माझे वेळीं शब्द 'मेज' होता. मींही आपलाच ठरविला. महाराजांनीं शेला दिला, आणि आठवड्यानें इराणी सौदागर आला, त्यास विचारिलें. शेला अजून आहे माझ्यापाशीं. बांधावयास मात्र दुसरा माणूस लागतो." ऐसें म्हणोन पुनः कातरूं लागले. पंत तसेच उठून साहेबाचे तंबूंत गेले.

साहेब बोलिले, "आम्हीं हा शब्द फ्रान्स देशच्या फरासिसांचा घेतला. त्यांनीं जुन्या रोमच्या रूमी लोकांचा घेतला. त्यांचेमध्यें रंगविणें, कशिदा काढणें, अंगीं गोंदणें, साऱ्यांस एकच शब्द. आमच्या बायका गालांस लावितात तोही पेंट, ठिपक्यांचा घोडा तोही पेंट, आणि शब्दांनीं हुबेहूब वर्णन करणें तेंही पेंट. फार मागें अर्थ कोरणें, कापणें होता म्हणतात."

"आणि त्याचें मूळ?"

"देव जाणे, पंत."

'कापणें' ऐकतांच पंतांनीं अंगठा मुठींत घेतला. आणि 'देव जाणे' हें तख्तासमोर कोण्या तोंडानें सांगावें?

तिसरे दिवशीं दरबार भरला. तबक आलें आणि वरील वस्त्र निघालें. समोरून शास्त्री ओठ हलवून 'पीत, पीत' सुचवीत होते. पंतांचे जिभेवर 'पी' आलाही होता. तों नारोपंतांचा हात डोळ्यांपुढें आला, आणि पंत गडबडीनें साहेबाचें बोलणें आरंभापासून सांगोन गेले, कशिदा म्हणाले, गोंदण म्हणाले, घोडा म्हणाले, कापणेंही म्हणाले, आणि अखेर हात जोडोन, "त्यापलीकडे मला ठाऊक नाहीं, महाराज."

दरबारीं 'ठाऊक नाहीं' कोणी म्हटलें नव्हतें. हुजऱ्यानें अडकित्ता उचलिला. पंतांनीं डोळे मिटिले आणि हात पुढें केला. मग महाराजांनीं खूण केली, तख्तामागील पडदा सरला, आंत बारटलसाहेब खुर्चीवर बसलेले! महाराज बोलिले, "साहेबांनीं काल आम्हांस इतकेंच सांगितलें, आणि यापुढें देव जाणे म्हणाले. अडकित्ता ठेवा. शास्त्रीबोवा, तुमचे ओठ हलत होते, काय म्हणत होतां?"

शास्त्री पांढरे पडोन म्हणाले, "जप करीत होतों, महाराज."

येणेंप्रमाणें पेंट हा शब्द राज्यीं दाखल जाहला. दरवाजाचा हिरवा रंग तीन वर्षांत उडाला, शब्द राहिला. बहिरोपंत पुढें वीस वर्षें चिटणीस होते, आणि म्हाळसाबाई सांगत कीं, अखेरपर्यंत निजतांना अंगठा मुठींत घट्ट धरीत, सोडवूं जावें तर दचकून उठत. जें घडलें तें लिहिलें. न कळलें तें लिहिलें नाहीं.