वाढलेला कापूस

“संख्या पुरी झाल्याशिवाय ज्योत लावायची नाही. एक वातही कमी नको.”

पार्बताबाईंचे हे शेवटचे स्पष्ट बोलणे. आषाढातली दुपार होती. उशाशी सून गोदावरी बसली होती, पायाशी भगवंतराव उभे होते. त्रिपुरी पौर्णिमेला देवीपुढे अकरा लाख वाती लावण्याचा संकल्प पार्बताबाईंनी सोडला होता. अमरावतीच्या त्यांच्या भजनी मंडळाच्या वऱ्हाडात सात गावी शाखा होत्या आणि वाती सगळ्यांनी मिळून करायच्या होत्या.

“ते माझ्याकडे लागलं,” भगवंतराव म्हणाले.

लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. घरातली एखादी गोष्ट आपल्याकडे घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पार्बताबाईंनी एकदा सुनेकडे पाहिले आणि डोळे मिटले.

भगवंतराव डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तेराव्यानंतर त्यांनी मंडळाचा हिशेब मागवला, तेव्हा गोदावरीने त्यांच्यापुढे चिंचोक्यांचे एक मडके आणून ठेवले. हजार वाती झाल्या की एक चिंचोका, असा सासूबाईंचा परिपाठ होता. भगवंतराव मडक्यात बराच वेळ पाहत राहिले.

“सात गावं, तीनशे बायका, आणि हे मडकं?”

“चुकत नव्हतं, मामंजी,” गोदावरी हळूच म्हणाली.

“चुकलं असतं तर कळलं कसं असतं?”

आठ दिवसांत भगवंतरावांनी छापखान्यातून फॉर्म छापून आणले. वर ‘साप्ताहिक प्रगतिपत्रक’ अशी ठळक अक्षरे, खाली दोन ओळी, एक वातींची आणि एक कापसाची. पुढे रकाने: मागील, वाढ, एकूण, शेरा. दर सोमवारी प्रत्येक शाखेने पत्रक भरून टपालात टाकायचे. अमरावतीच्या वाती गोदावरी मोजत असे. बाहेरगावचे कागद मात्र मामंजींच्या पत्र्याच्या पेटीत जात आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. वाती कशा चालल्यात, असे तिने विचारले की ते म्हणत, “प्रगती समाधानकारक आहे.”

भाद्रपदभर ती खरोखरच समाधानकारक होती. अश्विनाच्या सुरुवातीला अकोटच्या मनकर्णाबाईंचे पत्रक आले. त्या माळ्याच्या घरच्या, फुलांचा मळा सांभाळून शाखा चालवणाऱ्या. वातींच्या ओळीत ‘मागीलप्रमाणे’ आणि कापसाच्या ओळीत, वाढीच्या रकान्यात, सुबक अक्षरात लिहिले होते: ‘कापूस वाढला.’

भगवंतरावांना आनंद झाला. त्यांनी लगेच आज्ञापत्र लिहिले: ‘वाढलेल्या कापसाचे पोते अचलपूर शाखेकडे रवाना करावे.’

मनकर्णाबाईंनी ते पत्र बायकांना दोनदा वाचून दाखवले. “पोतंच मांगून राहिले बाप्पा,” त्या म्हणाल्या. “कचेरीतलं मानूस हाय, काई सोचूनच लिहिलं असंन.” त्यांनी रिकामे पोते झटकले, घडी घातली, आणि अचलपूरला जाणाऱ्या बैलांच्या दमणीत ठेवून दिले.

अचलपूरच्या सत्यवतीबाईंना पोते मिळाले. त्यांनी ते उलटे करून पाहिले, आणि प्रामाणिकपणे कळवले: ‘पोते पोचले. कापूस इथेही वाढला.’

भगवंतरावांनी चष्मा पुसला. पोते ज्या गावी जाते त्या गावी कापूस वाढतो, असे आता कागदावर दिसत होते. त्यांनी पोते मूर्तिजापूरला पाठवायला सांगितले. धाकट्या रुळांच्या आगगाडीने ते मूर्तिजापूरला गेले आणि आठ दिवसांत तिथूनही पत्रक आले: ‘पोते मिळाले. कापूस वाढला.’ जन्मात कधी देवापुढे पाच मिनिटे न बसलेले भगवंतराव त्या सोमवारी पत्रक देव्हाऱ्यात ठेवून हात जोडून उभे राहिले. कागदात काय आहे हे गोदावरीला ठाऊक नव्हते; पण मामंजींचे जोडलेले हात पाहून तिला भरून आले. सासूबाईंचे पुण्य फळाला आले, असे तिला वाटले.

त्याच दिवशी त्यांनी अकोटच्या जिनवाल्या शेठजींना लिहिले. वातींसाठी लागेल तेवढा कापूस द्यायचे शेठजींनी पार्बताबाईंना कबूल केले होते. ‘सर्व शाखांत कापूस वाढत आहे. तूर्त पाठवू नये.’

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. वातींची ओळ तीन आठवडे हललेली नव्हती. त्यांनी अकोटला खुलासा मागितला: ‘कापूस वाढला असता वाती का वाढत नाहीत?’

उलट टपाली उत्तर आले: ‘कापूस वाढला म्हणूनच वाती होत नाहीत.’

भगवंतरावांनी ते चार वेळा वाचले. मग अकोटच्या पत्रकावर, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने लिहून ते परत धाडले: ‘आळस.’

कार्तिक शुद्ध सप्तमीला दुपारी दारात टांगा थांबला. मनकर्णाबाई उतरल्या. वाटेत मूर्तिजापूरला त्यांनी पोते घेतले होते, ते काखेत होते. गोदावरीने पाणी दिले. मनकर्णाबाईंनी घोट घेऊन पोते भगवंतरावांपुढे ठेवले.

“भाऊजी, आमाले आळशी कावून म्हनता?”

“कापूस असून काम नाही, त्याला काय म्हणायचं?”

“कुठी हाय कापूस?”

भगवंतरावांनी पेटी उघडली आणि सगळी पत्रके मांडली. “हे पहा. तुमच्याच हातचं. कापूस वाढला.”

“मंग? वाढलाच की.”

“म्हणजे आहे.”

“म्हंजे नाई.”

मनकर्णाबाईंनी गोदावरीकडे पाहिले. गोदावरीने पदर सावरला आणि खाली बघत सांगितले, “मामंजी, देवाच्या कामात आणि घरातही, संपलं असं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात.”

“तीनशे बायाईत एकीनं तरी संपला म्हनून लिहिलं असतं काय?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “इतकी वर्सं संसार केला, तुमाले ठाव नाई?”

भगवंतरावांनी पोत्यात हात घातला, तळापर्यंत नेला, आणि बाहेर काढला. बोटाला एक सरकी चिकटून आली.

“पार्बता म्हणायची,” ते सावकाश म्हणाले, “तांदूळ वाढले. तेल वाढलं. मी कचेरीला निघताना, दारात उभी राहून.”

“मंग तुमी काय म्हनत?”

“मी म्हणायचो, उत्तम.”

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते कळले नाही. “अन् ते बाई शेजारच्या मानिकबाईकून वाटी मांगून आनत होती. चाळीस वर्सं.”

“मला वाटायचं, आपल्या घरात बरकत आहे,” भगवंतराव म्हणाले.

मडके आणले; मनकर्णाबाईंनी बाहेरगावचे आकडे तोंडपाठ सांगितले, तसे गोदावरीने हजाराला एक चिंचोका टाकला, आणि तिघांनी चिंचोके मोजले. पत्रकांशी ताळा बरोबर जमला. दीड लाख वाती कमी होत्या, आणि पौर्णिमेला आठ दिवस.

“कापूस भेटला तं करतो आमी,” मनकर्णाबाई उठता उठता म्हणाल्या. “बाया बसूनच हायेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरी तुळशीला पाणी घालून आत आली, तेव्हा भगवंतराव कोट चढवून तयार होते. काखेत तेच पोते होते. पेटीची किल्ली त्यांनी मडक्याशेजारी ठेवली होती.

“अकोल्याच्या गाडीनं जातो, तिथून मोटारीनं अकोटला. शेठजींना आता लिहायचं नाही, पोतं समोर धरायचं. सातही शाखांना मी स्वतः पोचवीन.”

तिने वाकून नमस्कार केला. ते उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले, आणि मागे न बघता म्हणाले, “गोदावरी, घरात काय काय वाढलंय?”

तिने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिले.

“सुंठ वाढलीय, मामंजी,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आणि गूळही.”

ते उत्तम म्हणाले नाहीत. खिशातून एक कोरे प्रगतिपत्रक काढून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही नावे लिहिली, कागदाची घडी घातली, आणि पोते सावरत स्टेशनची वाट धरली.